'बर' कुणाचा, यावरून भांडण कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात सध्या 'बर' या दोन अक्षरांवरून जुंपली आहे. एका गृहस्थांनी लिहिलं की कानडी माणूस बोलताना घडोघडी 'बर', 'बर्रि', 'बरोबर्रि' म्हणतो, हा सगळा आपल्या 'बरं'चाच अवतार, म्हणून हा बेळगाव-निपाणीकडचा मुलूख मुळात मराठी. लगेच दुसऱ्या गृहस्थांनी उलटा डाव टाकला: 'बर' हा कानडी धातू, मराठीतलं 'बरं' त्यातूनच आलं, म्हणून पंचगंगेपर्यंतचा मुलूख कानडी. दोघांचा आवेश सारखा आणि पुरावाही सारखाच: कानाला एकच लागतं.

मी भाषेचा पंडित नाही. निपाणी तालुक्यातल्या एका गावच्या सोसायटीत सेक्रेटरी म्हणून हयात गेली. आमच्याकडे कागद कानडीत, भांडणं मराठीत आणि थकबाकी दोन्हीकडची. तेव्हा या दोन अक्षरांनी आमच्या कट्ट्यावर काय काय घडवलं ते मी पाहिलं आहे. शिवाय निवृत्तीनंतर कोश चाळायचा नाद लागला. मोल्सवर्थचा मराठी कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. किटेलचा कानडी कोश १८९४ चा. एक इंग्रज, एक जर्मन. आपली भाषा आपल्याला परक्यांनी मोजून दिली, त्याबद्दल त्यांचे उपकार मानायचे सोडून आपण पत्रांतून हमरीतुमरीवर येतो.

आधी घडलेली गोष्ट सांगतो. २०२३ च्या पावसाळ्याने दगा दिला. कर्नाटक सरकारने सप्टेंबरात १९५ तालुके आणि पुढे वाढवत वाढवत २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी ठरवले. कानडी कागदावर त्याला शब्द 'बरपीडित'. कानडीत 'बर' म्हणजे दुष्काळ. मदतीला 'बर परिहार'. त्या सुमारास पिकांची पाहणी करायला म्हैसूरकडचा एक तरुण अधिकारी आला. पोरगा सालस, पण मराठीचा गंध नाही, आणि आमच्याकडची कानडीही त्याला निम्मीच कळायची. आमच्यातले एक आण्णा बांधावर उभे. सोयाबीन गुडघ्याएवढंही वाढलं नव्हतं, शेंगा पोकळ. अधिकाऱ्याने शेताकडे बघत हळहळून विचारलं, "तुंबा बर, अल्वा?" म्हणजे, फार दुष्काळ पडलाय, नाही का? आण्णांच्या कानाने त्यातला 'बर' तेवढा उचलला. त्यांना वाटलं, साहेब ख्यालीखुशाली विचारतोय. आण्णा म्हणाले, "बरं हाय सायेब, बरं हाय. बसा की, च्या घ्या." अधिकाऱ्याने मान हलवली आणि मोबाईलवर नोंद केली.

मी शेजारीच होतो. बोललो नाही. सोयाबीन करपलं होतं, ते कुठल्याही भाषेत करपलेलंच होतं.

पुढे यादी लागली. आण्णा कपाळाला आठ्या घालून माझ्याकडे आले. "सेक्रेटरी, माझं नाव कसं काय आलं ह्यात? म्या तर बरं हाय म्हणून सांगितलं हुतं." मग शेजारच्या पाटलांनी ती यादी वाचायला घेतली आणि 'बरपीडित' या शब्दावर अडखळले. "आवो, बरं असल्याली पण पिडा असती व्हय?" कट्ट्यावर हसून हसून पुरेवाट झाली. पहिला हप्ता कमाल दोन हजारांचा. तो खात्यावर पडायला 'फ्रूट्स आयडी', म्हणजे शेतकऱ्याच्या सरकारी नोंदणीचा नंबर, लागायचा, आणि फळबाग नसताना फ्रूट्सचा नंबर कशाला हा खुलासा करण्यातच माझा एक आठवडा गेला. (सोसायटीत 'साल मन्ना'ची हीच तऱ्हा. कानडीत 'साल' म्हणजे कर्ज, 'मन्ना' म्हणजे माफ. मराठी कानाला ते 'यंदाचं साल मना' असं ऐकू येतं. तो विषय मी इथे काढत नाही, नाहीतर पत्र लांबेल.)

आता वादाकडे. कानडीत 'बा' म्हणजे ये, 'बर्रि' म्हणजे या, आणि मूळ धातू 'बरु' म्हणजे येणे. दुष्काळाचा 'बर' वेगळा. हे दोन शब्द आज एकसारखे ऐकू येतात, पण ते सख्खे तर सोडाच, चुलतही नाहीत. माझा मुलगा नोकरीनिमित्त तमिळनाडूत होसूरला असतो. तिथे गेलो की शेजारच्या तमिळ मास्तरांशी माझी मैफल जमते. त्यांनी पाटीवर लिहून दाखवलं: तमिळमध्ये येण्याचा धातू 'वरु', आणि अवर्षणाला 'वरट्चि'. दोन्हींतला 'र' वेगळ्या अक्षराने लिहितात, एक साधा आणि एक कडक. कानडीतही पूर्वी हे दोन 'र' वेगळे होते. त्या दुसऱ्या 'र'ला 'शकटरेफ' म्हणत, कारण त्याचा आकार बैलगाडीसारखा दिसतो. काही जण 'बंडी र' म्हणतात. पुढे तो लिपीतून गेला आणि दोन परके शब्द एकाच आवाजात येऊन बसले. एकाच आडनावाची दोन घराणी शेजारी राहायला यावीत आणि पोस्टमनने दोघांची पत्रं एकाच दारात टाकावीत, तसं झालं.

मास्तरांनी आणखी एक गोष्ट दाखवली, तीच या पत्राचा कणा आहे. तमिळमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'व' आहे, तिथे कानडीत बहुतेक ठिकाणी 'ब' येतो. तमिळ 'वा', कानडी 'बा'. मुळाला तिकडे 'वेर', इकडे 'बेरु'. बोटाला 'विरल', आमच्याकडे 'बेरळु'. धनुष्याला 'विल्', इकडे 'बिल्लु'. गुळाला 'वेल्लम्', आणि संकेश्वरच्या बाजारात ज्याला 'बेल्ल' म्हणतात तेच. एखादा शब्द जुळला तर तो योगायोग असू शकतो, पण ओळीने शब्द जुळायला लागले आणि प्रत्येक ठिकाणी फरकही तोच पडला, तर नातं आहे असं समजायचं. वारसाच्या नोंदीला आम्ही वंशावळ मागायचो, एकट्या आडनावावर उताऱ्याला नाव चढवत नसू. शब्दालाही तोच नियम लावा एवढंच माझं म्हणणं.

हाच 'व' आणि 'ब'चा खेळ आपल्या उत्तरेकडेही आहे. मराठीत वीस, हिंदीत बीस. वाघ, बाघ. वीज, बिजली. विंचू, बिच्छू. वांगं, बैंगन. म्हणजे मराठीने 'व' जपून ठेवला आणि हिंदीने त्याचा 'ब' केला. मग पहिल्या पत्रलेखकांनी ज्याच्या जिवावर एवढी उडी मारली तो मराठी 'बरा' कुठून आला? कोशकार तो संस्कृत 'वर' म्हणजे श्रेष्ठ याच्याशी जोडतात. नवरदेवाचा 'वर', देवाने दिलेला 'वर' आणि अभंगातला 'बरवा' हा सगळा त्याच घरचा. इथे मराठीने आपला नेहमीचा शिरस्ता मोडला, हे खरं. पण मोडला म्हणून तो शब्द कानडीतून आला असं ठरत नाही. कानडीत 'बरु' म्हणजे येणे आणि 'बर' म्हणजे दुष्काळ; यांतून चांगला, ठीक, निरोगी हा अर्थ काढायचा तर फार ओढाताण करावी लागेल. आणि कानडीनेही संस्कृतातून 'वर' घेतला, तो 'व' न बदलता तसाच ठेवला. म्हणून आमच्या कानडी शेतकऱ्यावर कधी कधी अशी वेळ येते की देवाकडे मागावा वर आणि पदरात पडावा बर.

आपला 'बरं' शब्द मात्र भलताच लवचिक, हे कबूल केलं पाहिजे. 'बरं' म्हणजे होकार. 'बरं नाही' म्हणजे ताप आलाय. 'बरं का' म्हणजे आता लक्ष देऊन ऐक. 'बरं झालं' हे सुनेने म्हटलं तर एक अर्थ, सासूने म्हटलं तर दुसरा. 'बराच' म्हणजे पुष्कळ, आणि 'बरा आहे मुलगा' म्हणजे पुष्कळ नाही. लग्नाच्या बैठकीत 'बरं, कळवतो' म्हटलं की मुलीच्या बापाने चपला घालायला हरकत नाही. खानापूरच्या पश्चिमेकडे, जंगलाच्या अंगाला, कोकणी बोलणारी माणसं आहेत. आमचे एक जुने स्नेही तिकडचे. त्यांना काही दिलं की ते 'देव बरें करूं' म्हणतात. आपण 'धन्यवाद' म्हणून मोकळे होतो, ते देवाच्या गळ्यात जबाबदारी टाकतात. मला त्यांचं जास्त आवडतं.

आता 'बरोबर'. हा तर दोन्ही बाजूंचा लाडका. आमच्या भागातला कानडी माणूस अगदी नेमकं म्हणायचं तर 'बरोबर्रि' म्हणतो, आणि मराठी माणसाचं तर 'बरोबर'शिवाय पानच हलत नाही. पहिल्या पत्रलेखकांनी हाच शब्द हुकमाचा एक्का म्हणून टाकला आहे. पण हा एक्का ना तुमचा ना त्यांचा, तो फारसीचा. मूळ 'बराबर'. त्यातला 'बर' म्हणजे छाती; छातीला छाती भिडवून उभे राहिलेले दोघे ते बराबर, म्हणजे समान. पंचायतीत 'दोन्ही बाजू बरोबर' म्हणतो तेव्हा कोण कुणाच्या छातीला भिडलंय ते आपल्या गावीही नसतं.

फारसीचा आणखी एक 'बर' आपल्या दप्तरात आहे: बरहुकूम, बरखास्त, बरतर्फ, बरदास्त. मी स्वतः 'ठरावाबरहुकूम' असं अनेकदा लिहिलं आहे; आता नव्या पोरांना ते वाचता येत नाही. या 'बर'चा अर्थ 'वर'. बरहुकूम म्हणजे हुकमावर, हुकमाप्रमाणे. आणि इथे मात्र नातं खरं आहे! मराठीतला 'वर' हा शब्द, टेबलावर, माळावर म्हणताना येणारा, संस्कृत 'उपरि'पासून आला. फारसी 'बर' जुन्या इराणी 'उपरि'पासून. दोघांचे आजोबा एकच. म्हणजे पाहा, ज्या 'बर'ला आपण मुसलमानी अमदानीतला पाहुणा समजतो तो आपला भाऊबंद निघतो, आणि शेजारच्या गल्लीतला कानडी 'बर', ज्याच्याशी रोज उठबस, तो रक्ताचा कुणीच नाही. पण म्हणून उद्या तेहरान महाराष्ट्रात द्या असं कुणी म्हणणार आहे का?

आमच्या शेजारचा मुलगा किर्गिझस्तानात बिश्केकला डॉक्टरकी शिकतो. सीमाभागातली अशी बरीच मुलं तिकडे आहेत. सुट्टीला आला तेव्हा सांगत होता की दुकानात गेलं की विचारायचं, 'नान बरबी?' म्हणजे, पाव आहे का? नान तर आपल्या ओळखीचा. दुकानदार म्हणतो, 'बर'. (उच्चार 'बर' आणि 'बार' यांच्या मधला.) तिथे 'बर' म्हणजे आहे, शिल्लक आहे. आमच्याकडे विहिरीत पाणी नाही म्हणजे बर, त्यांच्याकडे मडक्यात पाणी आहे म्हणजे बर. एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण त्यांच्यात 'बरू' म्हणजे जाणे, आणि 'बर' म्हणजे जा. कानडीत 'बरु' म्हणजे येणे. एकाने बोलवावं आणि दुसऱ्याने ते ऐकून निघून जावं! आणि मजा म्हणजे 'व' आणि 'ब'चा खेळ तिथेही चालूच आहे: तुर्कस्तानात त्याच 'आहे'ला 'वर' म्हणतात. किर्गिझ आणि तुर्की या सख्ख्या बहिणी, म्हणून तिथली जुळणी खरी. कानडीशी तिचं काही नातं नाही.

येशूच्या काळच्या आरमाईक भाषेत 'बर' म्हणजे मुलगा. बायबलात 'तीमयाचा मुलगा बार्तीमय' असं येतं, त्यात नावाचाच अर्थ सांगून टाकला आहे. इंग्रजी 'बार'ची ओळख निपाणीच्या हायवेने जाणाऱ्या कुणालाही करून द्यायला नको. कोर्टातल्या वकिलांचा 'बार'ही तोच, मुळात तो आडवा दांडा. फवारणीच्या पंपावर दाब दाखवणारा 'बार' मात्र ग्रीक भाषेतून, वजन या अर्थाच्या शब्दावरून आला. इंग्रजीत ते दोघे एकाच स्पेलिंगात राहतात आणि एकमेकांना ओळखतही नाहीत.

आणखी एक उदाहरण देतो, कारण दोन्ही पत्रलेखकांचा मुद्दा 'आवाज एक आणि अर्थही एक, मग नातं नाही कसं?' असा आहे. आपल्या 'बदनाम'मधला 'बद' फारसीचा, अर्थ वाईट. इंग्रजी 'बॅड', अर्थ वाईट. आवाज जवळजवळ तोच, अर्थ तंतोतंत तोच, आणि भाषा एकाच कुळातल्या. तरी हे दोन शब्द एकमेकांचे कुणी नव्हेत, नुसता योगायोग. ऑस्ट्रेलियातल्या म्बाबाराम नावाच्या मूळ रहिवाशांच्या भाषेत कुत्र्याला 'डॉग'च म्हणत. डिक्सन नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने ते ऐकलं आणि आधी त्याला वाटलं की इंग्रजांकडून उचललेला शब्द असावा. पण आजूबाजूच्या भाषा तपासल्यावर तो त्यांचा स्वतःचाच निघाला. 'गुडग' अशा जुन्या शब्दापासून ठरावीक नियमांनी झिजत झिजत तिथवर आलेला. इंग्रज तिथे पोचायच्या आधीही तिथलं कुत्रं 'डॉग'च होतं.

सीमाप्रश्न लहान आहे असं मी म्हणत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पासून आमच्या पिढ्यांनी तो अंगावर काढला आहे, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात पडून आहे. माझ्या मताबद्दल कुणाला शंका असेल तर गावात येऊन विचारावं. पण त्या दाव्यात साक्षीदार म्हणून मतदार याद्या आहेत, शाळांचे दाखले आहेत, जमिनीचे उतारे आहेत, माणसं आहेत. त्यात 'बर'ला पिंजऱ्यात उभं करू नका. उलटतपासणीत तो पहिल्या प्रश्नालाच फुटेल आणि आपली बाजू हास्यास्पद होईल. दुसऱ्या पत्रलेखकांनाही हेच सांगणं आहे; त्यांची कानडी समृद्ध आहे, तिला उसन्या पुराव्याची गरज नाही.

आता आपल्याकडे दोन मागण्या आहेत, कारण नुसता कीस काढायला मी पाच पैशाची शाई घालवत नाही.

पहिली सरकारी कचेऱ्यांकडे, आपल्या मार्फत. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ टक्के किंवा जास्त आहे तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, ही देशपातळीवर मान्य झालेली तरतूद आहे. आमच्या पट्ट्यात ती कागदावरच राहते. पिकाच्या नुकसानीची सूचना ही महत्त्वाची नाही तर कुठली महत्त्वाची? कानडी मजकूर असू द्या, वरती असू द्या, मोठ्या अक्षरांत असू द्या. खाली एका ओळीत 'दुष्काळी मदत, अर्जाची मुदत अमुक' एवढं मराठीत आलं की आमचं काम भागतं. आण्णांचं 'बरं हाय' त्यांच्या पथ्यावर पडलं, पण त्याच गावात अशीही दोन घरं होती की ज्यांनी 'बर परिहार' म्हणजे दवाखान्याची काहीतरी योजना समजून अर्जच केला नाही. त्यांच्यातल्या एका विधवा बाईला मी नंतर फॉर्म भरून दिला, पण मुदत टळली होती.

दुसरी आपल्याकडेच. आपले तालुक्याचे वार्ताहर कानडी पत्रक समोर ठेवून बातमी लिहितात आणि 'बर परिहार निधी', 'बरपीडित तालुका' हे शब्द जसेच्या तसे देवनागरीत उतरवतात. शेजारच्या भाषेचे शब्द मराठीत आले म्हणून बाटत नाही. 'अण्णा', 'अक्का', 'तूप' यांच्यावाचून आपलं घर चालत नाही. पण जो शब्द मराठीत आधीच उलट्या अर्थाने बसलेला आहे, तो तसाच छापला तर वाचकाचं नुकसान होतं, आणि इथे ते रुपयांत होतं. 'दुष्काळ' लिहायला तीनच अक्षरं लागतात. वाटल्यास पुढे 'कानडी कागदावर याला बर परिहार म्हणतात' असंही छापा, म्हणजे कचेरीत गेल्यावर कुठल्या खिडकीत उभं राहायचं ते माणसाला कळेल.

या हंगामाची पीक पाहणी आमच्याकडे सुरू होईल तेव्हा आपल्या वार्ताहराला आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर पाठवावं. सकाळी नऊच्या आत पाठवावं. नऊनंतर सगळे शेतावर जातात.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त सोसायटी सेक्रेटरी,
ता. निपाणी, जि. बेळगाव